एक अंक, वीस वाचक

काकांच्या हिशेबाच्या वह्या आमच्या घरात अजून आहेत. लांबट, लाल कापडी पाठीच्या. डावीकडे गिऱ्हाइकाचं नाव, पुढे महिन्याच्या तारखांचे रकाने, पेपर टाकला की त्या दिवसाच्या चौकटीत एक टिंब. पानाच्या तळाशी तीन आकडे: आले, गेले, परत. काका यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनला पेपरचे एजंट होते. नागपूरला छापलेले अंक रात्रीतून वणीला यायचे आणि तिथून सकाळच्या गाडीनं गावात. पावसाळ्यात नाले भरून वाहू लागले की कधी कधी दोन दिवसांचे गठ्ठे एकदम उतरायचे. लोक कालचा पेपरही तेवढ्याच हौसेनं घेऊन जायचे.

गावात पेपर किती लोक वाचतात असं विचारलं, तर काका वहीतला आकडा सांगत नसत. म्हणत, "अंक इकते तेवढे इकते. वाचनारे कोन मोजते बाप्पा!" आणि मग बोटांवर ठिकाणं मोजायचे. बसस्टँडसमोरचा पानठेला, सलून, दोन कॅन्टीन, सोसायटीचं ऑफिस, शाळा. एका अंकाला वीस वाचक धरायचे, असा त्यांचा ठोकताळा होता. मी तो तपासायला कधी गेलो नाही, पण पानठेल्यावरचा अंक सकाळी आठ ते दुपारी चारपर्यंत कसा फिरायचा ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिलं पान एकाच्या हातात, खेळाचं दुसऱ्याच्या, बाजारभावाचं तिसऱ्याच्या, आणि ज्याला वाचता येत नाही तो चौथा त्या तिसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसलेला. आमच्या भागात घरोघरी भाषा बदलते. कुणाकडे वऱ्हाडी, कुणाकडे तेलुगू, गोंडी, कोलामी. पेपर मराठी असला तरी पानठेल्यावर तो तीन-चार भाषांतून सांगितला जायचा. वहीत मात्र त्या सगळ्यांचं मिळून एकच टिंब असायचं.

आज माझा पुतण्या आणि मी मिळून एक छोटं संकेतस्थळ चालवतो. आमच्या झरी-जामणी तालुक्यातल्या बातम्या, कापूस-सोयाबीन-तुरीचे भाव, योजनांची माहिती, कुठे रस्ता बंद आहे, कुठे वाघ दिसला. सकाळी उठल्यावर पुतण्या आधी मोबाइलवर अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे येणाऱ्यांची मोजणी, उघडतो. काल सेशन किती, त्यातले नवे लोक किती, कोणतं पान चाललं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो शोध मला ओळखीचा वाटतो. काका गठ्ठ्याची सुतळी सोडताना असेच दिसायचे.

वाचकांपर्यंत पोहोचण्याची धडपड आमच्या जिल्ह्याला नवी नाही. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळला 'लोकमत' सुरू केलं आणि त्याला नाव दिलं लोकमान्य टिळकांनी. ते साप्ताहिक होतं. त्या काळात अक्षर ओळखणारा माणूस गावात बोटांवर मोजण्याइतका असायचा, तरीही साप्ताहिकं निघत होती आणि लोकांना ढवळून काढत होती. छापलेल्या प्रतींवरून त्यांची पोहोच ठरवायला गेलं तर काहीच हाती लागणार नाही. १९४८ मध्ये देशात ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाला आणि पेपरचा खप शिस्तीनं तपासला जाऊ लागला. तिथे किंमत मोजून घेतलेली प्रत धरायची आणि परत आलेली वजा करायची. काकांच्या वहीतले 'गेले' आणि 'परत' हे दोन रकाने म्हणजे त्याच हिशेबाचं शेवटचं टोक. पुढे वाचक-सर्वेक्षणं आली. ती घरोघरी जाऊन विचारायची की पेपर कोण कोण वाचतं, कारण खप आणि वाचक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे धंद्यातल्या माणसांनाही कळलं होतं. मुकुटबनच्या पानठेल्यावर त्यासाठी सर्वेक्षणाची गरज नव्हती.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि हे सगळं लिहायला बसलो ते तिच्याचसाठी. तेव्हा आकडा माणसांपेक्षा लहान होता. एक अंक, वीस वाचक. आता आकडा माणसांपेक्षा मोठा आहे. एकच माणूस सकाळी मोबाइलवर येतो, दुपारी कापसाच्या काट्यावर उभा राहून पुन्हा येतो, रात्री पोराच्या फोनवरून येतो. अ‍ॅनालिटिक्सच्या लेखी ते तीन सेशन, आणि फोन दोन असल्यामुळे वापरकर्तेही दोन. मोजणारा दोन्ही काळी प्रामाणिकच आहे. पण पहिल्या आकड्यावरून माणसं शोधायची तर वाढवून धरावी लागायची आणि आताच्या आकड्यावरून शोधायची तर कमी करून. हे ध्यानात न घेता "आमच्याकडे इतके लोक येतात" असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या 'लोकांत' प्रत्यक्ष माणूस कुठे आहे हे त्यांनी पाहिलेलंच नसतं.

मधला काळ मी नागपूरला शिकताना पाहिला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर काही वर्षांत सायबर कॅफे निघाले. तासाचे पैसे मोजायचे आणि पान उतरेपर्यंत वाट पाहायची. १९९६ मध्ये 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं आणि परदेशातली मराठी माणसं तिथे जमू लागली. त्या दिवसांत बहुतेक संकेतस्थळांच्या तळाशी एक आकडेपट्टी असायची, गाडीतल्या किलोमीटरच्या आकड्यांसारखी, आकडे पुढे सरकवत जाणारी. पान उघडलं की एक वाढायचा, तेच पान पुन्हा उघडलं की आणखी एक. मालक स्वतः पाहायला गेला तरी वाढायचा.

तेव्हाचा दुसरा परवलीचा शब्द होता 'हिट'. संकेतस्थळ जिथे ठेवलेलं असतं तो सर्व्हर आपल्याकडे मागितलेली प्रत्येक फाइल एका नोंदवहीत टिपतो. एका पानावर दहा चित्रं असली तर पान धरून अकरा मागण्या होतात, म्हणजे अकरा हिट, आणि माणूस एकच. "आम्हाला महिन्याला लाखो हिट" ही जाहिरात त्या काळी सर्रास दिसायची. मुकुटबनच्या भाषेत सांगायचं तर हा पेपर न मोजता पेपरची पानं मोजण्याचा प्रकार होता.

मराठीची अडचण आणखी वेगळी. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये होती, पण मराठी पेपरांची पानं बरीच वर्षं आपापल्या खास फाँटमध्येच निघत. फाँट उतरवून घेतला तर वाचता येई, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हं. शोधयंत्राला तर तो मजकूर मराठी म्हणून दिसतच नसे. 'यवतमाळ कापूस' असं टाइप करून कुणी शोधलं तरी यवतमाळच्या कापसाची बातमी सापडायची नाही. बातमी छापलेली, वाचणारा हजर, आणि दोघांची भेट नाही. पुढे युनिकोड रुळला, मराठी टाइप करायची साधनं सोपी झाली, तेव्हा कुठे शोधातून मराठी वाचक येऊ लागला. आज आमच्याकडे येणाऱ्यांत शोधातून येणारा वर्ग मोठा आहे. त्याचं श्रेय मी आमच्या हुशारीला देत नाही. ते त्या बदलाचं आहे.

माणूस परत आला की तोच आहे हे ओळखण्याची सोय १९९४ मध्ये झाली. नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकी आणली. ब्राउझरजवळ ठेवलेली एक लहानशी खूण, पुढच्या वेळी तीच दाखवायची. त्या खुणेमुळे 'भेट' मोजता येऊ लागली. २००५ च्या एप्रिलमध्ये गूगलनं अर्चिन नावाची सॅन डिएगोची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट खुलं केलं. इतकी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. मोठ्या कंपन्या पैसे मोजून घेत असलेली वस्तू एकाएकी कुणाही पानठेलेवाल्याच्या पोराला मिळू लागली. या एका गोष्टीबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

आता सेशन म्हणजे नेमकं काय, ते मी गावात ज्याला त्याला सांगतो तसंच इथे सांगतो. शेतकऱ्यानं आमचं पान उघडलं, भाव पाहिला, मग तुरीचं पान पाहिलं, मग हवामान. हे सगळं मिळून एक सेशन. त्यानं फोन खिशात टाकला आणि बैलाला पाणी दाखवून दहा मिनिटांनी परत पाहिलं, तरी तेच सेशन चालू. अर्धा तास काहीच हालचाल झाली नाही की ते संपतं, आणि त्यानंतर उघडलं की दुसरं सुरू. हा अर्ध्या तासाचा नियम आपण बदलू शकतो, पण बहुतेक ठिकाणी तोच असतो. जुन्या पद्धतीत मध्यरात्र झाली की सेशन तुटायचं. रात्री पावणेबाराला वाचायला बसलेला माणूस सव्वाबारापर्यंत वाचत राहिला तर त्याची दोन सेशन व्हायची. नव्या पद्धतीत, म्हणजे ज्याला जीए-फोर म्हणतात त्यात, एकच होतं. १ जुलै २०२३ पासून जुन्या पद्धतीत नवी नोंद होणं थांबलं आणि पुढच्या वर्षी तिचे अहवालही बंद झाले. आम्ही आधीच ते उतरवून ठेवले होते. पण दोन्हींची व्याख्या वेगळी असल्यामुळे जुन्या वर्षाशी नवं वर्ष ताडून पाहता येत नाही. काकांच्या १९८८ च्या पानाशी १९९८ चं पान लावून पाहता येतं, टिंब तेव्हाही टिंबच होतं.

नव्या पद्धतीतला एक आकडा मात्र मला आवडतो. 'गुंतलेलं सेशन' म्हणूया त्याला. माणूस दहा सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्यानं दोन पानं पाहिली, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती केली, तर ते सेशन गुंतलेलं धरतात. दहा सेकंद ही काही फार मोठी अट नाही. तरीही चुकून आलेला आणि कामानं आलेला यांच्यात ती रेघ ओढते. काकांना ती रेघ नजरेनं दिसायची. पेपर घेऊन उभ्या उभ्या मथळे पाहून ठेवून देणारा कोण आणि बाजारभावाच्या पानाशी बसून राहणारा कोण, हे त्यांना ठाऊक होतं. बसून राहणाऱ्यासाठी ते तो अंक बाजूला ठेवत.

आमच्याकडची सेशन कधी चढतात आणि कधी उतरतात हे कळायला मात्र कापसाच्या खरेदीकडे पाहावं लागतं. एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. त्या काळात भाव सरकार जाहीर करायचं आणि पणन महासंघाच्या केंद्रावर कापूस घातला की चुकारा येईपर्यंत वाट पाहायची. भाव रोज बदलत नव्हता, त्यामुळे तो रोज पाहायची गरजही नव्हती. लोक पेपरात पाहायचे ते खरेदी कधी सुरू होते आणि बोनस किती. एकाधिकार ओसरला, खासगी व्यापारी आणि जिनिंगवाले मोकळे झाले, गावात गाडी लावून खेडा खरेदी होऊ लागली, आणि भाव रोज बदलू लागला. ज्या दिवशी भाव रोज बदलू लागला, त्या दिवशी शेतकऱ्याला रोज एक फेरी मारायचं कारण मिळालं. आमच्या संकेतस्थळावरची सेशन दसऱ्यानंतर चढतात, दिवाळी ते संक्रांत भरात असतात आणि फरदडीच्या शेवटच्या वेचणीबरोबर उतरतात. पुतण्याला पहिल्या वर्षी उन्हाळ्यातला उतार पाहून काळजी वाटली होती. मी त्याला शेतात नेलं. पऱ्हाट्या उपटून झालेल्या होत्या. कापूसच नाही तर भाव कोण पाहील?

म्हणून सेशन वाढवण्याच्या युक्त्या विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, तुझ्याकडे येणाऱ्याला काय हवं आहे, आणि ते कधी हवं आहे? शोधातून येणारे कोणते शब्द टाइप करून आले ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसतं. आमच्याकडे बरेच जण मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून येतात, काही तेलुगू वळणानं गावाचं नाव लिहितात. २०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा सिमेंट कारखाना मुकुटबनला सुरू झाला, त्याच्या आगेमागे भरतीबद्दल हिंदीत शोधणारे वाढले. आम्ही त्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं पान आहे का, ते तपासत बसलो. कापसाच्या भावासाठी रोज नवं पान काढायचं सोडून एकच कायमचं पान ठेवलं आणि त्यातच रोजचा भाव वेळेसह घालू लागलो. तेच पान जुनं होत गेलं तसं शोधात वर येत गेलं, लोकांनी ते फोनच्या पडद्यावर जपून ठेवलं. पानावरची जड चित्रं काढली. गूगलच्या शिफारशीप्रमाणे मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. शेतात, एका काडीच्या रेंजमध्ये, स्वस्त फोनवर ते जमवायचं तर चित्रांचा मोह सोडावा लागतो. जाहिरातवाल्यांना ते पटत नाही. मला पटतं.

२०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस विकायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करणं आवश्यक झालं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. नोंदणीची मुदत पुढे ढकलली गेली तशी आमच्या त्या एका पानावर लोक पुन्हा पुन्हा येत राहिले. सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, बँक, काय काय लागतं ते पाहायला. त्या पानावर पेर्‍याची नोंद कशी पाहायची हे पायरीपायरीनं लिहिलेलं आहे. त्या दिवसांतला आकडा पाहून मला समाधान वाटलं, कारण त्या प्रत्येक सेशनच्या मागे एक अडलेलं काम होतं.

याच्या उलट काही आकडे मनाला टोचतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका वाघिणीला क्रूरपणे मारलं गेलं, तिचे पंजे तोडलेले सापडले. २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगाव भागात टी-वन म्हणजे अवनी वाघिणीला गोळी घातली गेली तेव्हा साऱ्या देशाची नजर आमच्या जिल्ह्याकडे वळली होती. अशा बातमीला दूरदूरचे लोक येतात, एक पान पाहतात आणि जातात. आलेखात उंच सुळका उभा राहतो, चार दिवसांत खाली येतो. त्या सुळक्याच्या मागे धावत बसलं तर रोज एखादी सनसनाटी बातमी शोधावी लागेल. आम्ही त्या मार्गाला गेलो नाही आणि जाणार नाही. माझ्या लेखी महिनाभरात पुन्हा पुन्हा येणारा शेताच्या बांधावरचा एक माणूस त्या सुळक्यापेक्षा मोलाचा आहे.

सेशन वाढवण्याची आणखी एक वाट आहे. भाव सकाळी अर्धा सांगायचा, दुपारी उरलेला, संध्याकाळी 'अंतिम'. शेतकरी तीनदा येईल, सेशन तिप्पट होतील. पुतण्याच्या एका मित्रानं हे सुचवलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. ज्याला काट्यावर गाडी नेण्याआधी एकदाच भाव पाहायचा आहे, त्याला तीनदा बोलावणं ही फसवणूक आहे. एका सेशनमध्ये त्याचं काम झालं आणि तो उठून गेला तर ते आमचं यश. मग भले आलेख सपाट दिसो.

काही गोष्टी मोजणीत येतच नाहीत, आणि त्यातली पहिली म्हणजे आमचं गाव. अ‍ॅनालिटिक्स माणूस कुठून आला हे त्याच्या नेटच्या पत्त्यावरून ठरवतं. मोबाइलचं नेट मोठ्या शहरातल्या केंद्रातून फिरून येतं. त्यामुळे मुकुटबनच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाची नोंद नागपूर, मुंबई नाहीतर पुणे अशी होते. राज्याच्या सीमेपलीकडच्या टॉवरला फोन चिकटला तर कधी हैदराबाद. अहवालात शहरांची लांबलचक यादी येते, आणि ज्या गावासाठी हे सगळं चालवतो ते गाव त्यात जवळपास नसतंच. काही अहवालांत तर माणसं थोडी असली की त्या ओळी दाखवल्याही जात नाहीत, कुणाची ओळख पटू नये म्हणून. हा नियम मला योग्य वाटतो. काकांना प्रत्येक घराची खबर असायची, कुणी कोर्टाच्या नोटिशीसाठी पेपर घेतला, कुणी नोकरीच्या जाहिरातीसाठी. त्यांनी ती कधी ओठांबाहेर काढली नाही. आता ते मौन यंत्राच्या नियमांत लिहावं लागतं, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहावं लागतं. तरी कुणी तरी लिहिलं, हे बरं झालं.

दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप. आमच्याकडे येणारे बरेच जण कुठल्या ना कुठल्या गटात आलेल्या दुव्यावर बोट ठेवून येतात. अ‍ॅनालिटिक्सला तो दुवा कुठून आला हे कळत नाही, आणि ते सगळं 'थेट' या खात्यात जमा होतं. त्यावर उपाय आहे. दुव्याच्या शेवटी यूटीएम नावाची छोटीशी शेपटी जोडायची, त्या अर्चिन कंपनीच्याच काळापासून चालत आलेली. तिच्यात गटाचं नाव घातलं की सोसायटीच्या गटातून किती आले, बचतगटातून किती, झरीच्या विद्यार्थ्यांच्या गटातून किती, हे वेगळं दिसतं. ही एक सवय लावली तेव्हा आम्हाला कळलं की आमचे सर्वांत नेमाचे वाचक बचतगटातल्या बाया आहेत. काकांच्या वहीत एकाही बाईचं नाव नाही. त्यांच्या काळी पेपर बाईच्या नावानं लागत नसे, जरी तो चुलीजवळ वाचला जात असला तरी. मी त्या काळाबद्दल हळवा आहे, पण ही पोकळी मला दिसते आणि ती आता भरते आहे याचा आनंद होतो.

आणि तिसरी गोष्ट कोलाम पोडांची. मुकुटबनच्या भोवती, टेकड्यांच्या कडेला कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. अशा एका पोडात मी परवा संध्याकाळी पाहिलं. एका पोट्ट्याच्या हातात फोन, आमचंच भावाचं पान उघडलेलं. तो वाचत होता आणि लगेच कोलामीत सांगत होता. भोवती म्हातारे, बाया, कापूस वेचून आलेली माणसं. कुणी मधेच विचारायचं, वणीचा भाव काय, पांढरकवड्याचा काय, सीसीआयचा काटा कुठे लागला. पोट्टा वर-खाली सरकवून सांगायचा. अ‍ॅनालिटिक्सच्या हिशेबात ते एक सेशन होतं, एक वापरकर्ता, शहर बहुधा नागपूर. माणसांपेक्षा मोठा झालेला आकडा तिथे पुन्हा माणसांपेक्षा लहान झाला होता. म्हणजे काकांचा ठोकताळा मोडीत निघालेला नाही. तो पानठेल्यावरून उठून पोडात गेला आहे, आणि आमच्या सगळ्या आलेखांना त्याचा पत्ता नाही.

त्या संध्याकाळनंतर आम्ही एक काम हाती घेतलं. भावाच्या पानाच्या वरच रोजचा भाव आवाजात ऐकवायचा, मराठीत आणि कोलामीत. फाइल लहान ठेवायची, म्हणजे कमी रेंजमध्येही वाजेल. ऐकण्याचं बटण दाबलं की त्याची वेगळी नोंद होईल अशी सोय पुतण्यानं केली. त्यातून किती वेळा वाजली एवढंच कळेल, किती जणांनी ऐकली ते नाही. म्हणून महिन्यातून एकदा पोडावर जाऊन विचारायचंही ठरवलं. ते लांबचं काम आहे, वाट चढणीची आहे, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही. वाचून दाखवायला पोडातलीच, वणीच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी तयार झाली. पहिल्या दिवशी तिच्या हातात मी भावाचा कागद दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "भाऊ, नुसता भाव नको सांगू. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की पैसे कापते आन बाराच्या वर घेतच नाई, हे आधी सांगू. आमचे लोक ओला कापूस घेऊन जाते आन वापस येते." आम्ही कागद बदलला आणि तिनं ओलाव्यापासून सुरुवात केली.